ळची शेपटी

चांदरला चार दगड आहेत.
एक कुशावतीच्या काठी, अर्धा चिखलात.
दुसऱ्यावर कॉन्सूबाई धुणं आपटते;
तिनं राजाची दोन बिरुदं पुसून टाकली आहेत.
हे सांगितलं तर हसली :
"तीस वर्सां राजाक फुकट साबू मेळ्ळो मगो."
तिसरा कपेलाच्या पायरीत, उताणा.
चौथा शेताच्या मेरेवर. त्याच्या पायथ्याशी गाढव कोरलेलं,
आणि ही जमीन जो हिरावील त्याला शाप.
तो मी वहीत उतरवून घेतला,
मोठ्यानं वाचला नाही.

ओला कागद डकवायचा.
कुंचल्यानं हलके ठोकायचं,
तापानं फणफणलेल्या पोराला थोपटावं तसं.
मग शाईची गादी.
काळ्यातून पांढरी अक्षरं वर येतात
आणि मेलेले आपापली तिथी सांगू लागतात.

शके अकराशे आणि काही; शेवटचे अंक खाऱ्या वाऱ्यानं खाल्ले.
मार्गशीर्ष वद्य द्वितीया : राजा अर्कमल्ल,
पश्चिम समुद्राचा धनी.
सप्तमीला नागरस, त्याचाच मांडळिक,
ज्यानं वेळाकुळाची जकात बळकावली होती
आणि ज्याच्यावर तृतीयेला सैन्य निघायचं होतं.
(हे त्याच्याच दगडावर आहे. फुशारकीनं.)
अमावास्येला सोमराशी, राजगुरू.
चढाईचा मुहूर्त त्यानंच काढलेला.

तलवार कुणाचीच म्यानाबाहेर आली नाही.

आणि पौष शुद्ध षष्ठीला आर्यिका श्रियमती.
तिनं कार्तिकातच अन्न सोडलं होतं.
राजा तिच्या दर्शनाला आला होता, नागरसही,
वेगवेगळ्या दारांनी.
सोमराशी आला नाही, पण फुलं पाठवली,
आणि ती तिनं घेतली.
निरोप द्यायला आलेले सगळे
तिच्या आधी निघून गेले.
ती उपाशी, हलकी होत,
बाहेरचे टाहो मोजत बसली असेल
एकोणीस दिवस.

कशानं गेले? दगड सांगत नाहीत.
गलबतातून उतरलेला ताप, असं मला वाटतं.
वाटतं एवढंच.

रात्री खोलीवर ठसे शेजारी शेजारी मांडले
तेव्हा मला ळ दिसला.
मांडळिकमधला, वेळाकुळातला, राजाच्या महीमंडळातला,
सगळीकडे तोच.
शेपटी आत वळलेली, तापल्या तव्यावरच्या सुंगटासारखी.
म्हणजे शत्रूंची स्तुती एकाच हातानं कोरली.
तेच "रणरंगधीर" दोघांना,
मजुरीही बहुधा तीच.
त्याला दगड नाही, नाव नाही, तिथी नाही.
चौदा ळ आहेत.

चौदाच.
कारण श्रियमतीच्या दगडावर पाचव्या ओळीत
"निर्म" एवढं त्याचं आहे,
आणि पुढचा ळ दुसऱ्या कुणाचा.
उथळ, भ्यालेला.
शेपटी आत वळवायला गेला आणि छिन्नी घसरली;
ओरखडा थेट काठापर्यंत.
मुलगा असेल. मुलगी असेल.
शिकायचं राहून गेलेलं कुणीतरी,
ज्याला उरलेलं काम पुरं करून द्यायचंच होतं.
पुढचे ळ त्यानं सरळ सोडले, शेपटीविना.
पुन्हा प्रयत्न केला नाही.

सकाळी कागदांची ओल गेली नव्हती,
म्हणून कॉन्सूबाईच्या दोरीवर टांगले,
तिच्या चादरींच्या मधे.
वाऱ्यानं राजा नागरसवर आदळत होता,
आठशे वर्षं उशिरा.
ती ओले हात झग्याला पुसत आली,
ओरखड्यापाशी थांबली, विचारलं, हें कोणें मोडलें?
मी म्हटलं, मोडलेलं नाही,
तिथं कुणीतरी रडत होतं.
मग वाटलं, हे आपण फार बोललो.
पण तिनं काही न बोलता दोरीचा चिमटा
जरा बाजूला सरकवला,
ओरखडा झाकला जाऊ नये म्हणून.